आधी पृष्ठभाग, मग शाई, शेवटी यंत्र

छपाईविषयी मला सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न म्हणजे ‘कोणते यंत्र चांगले?’ आणि त्याचे उत्तर देण्याआधी मला प्रत्येक वेळी उलट विचारावे लागते, की छापायचे कशावर आहे? ‘कागदावर’ एवढे उत्तर पुरत नाही, कारण वर्तमानपत्राचा खरखरीत कागद आणि मासिकाच्या मुखपृष्ठाचा चकचकीत आर्ट पेपर यांच्यावर एकच शाई घातली तर दोन वेगळे रंग दिसतात, आणि प्लास्टिकच्या फिल्मवर तीच शाई कित्येकदा टिकतच नाही. माझे मत असे आहे की छपाईचा निर्णय पृष्ठभागापासून सुरू झाला पाहिजे. पृष्ठभागावरून शाई ठरते, शाईवरून पद्धत ठरते आणि यंत्र सर्वांत शेवटी येते. प्रत्यक्षात हा क्रम बहुधा उलटा लागतो. यंत्र आधी घेतले जाते आणि मग त्यावर काय काय छापता येईल याचा शोध सुरू होतो. शाई बोटाला लागते, नखाने खरवडली जाते, धुतल्यावर तडकते किंवा उन्हात उडून जाते, अशा ज्या तक्रारी कानावर येतात, त्यांतल्या बऱ्याचशांचे मूळ या उलट्या क्रमात सापडते.

मुद्रणाच्या इतिहासातही हाच क्रम दिसतो. पूर्व आशियात लाकडी ठोकळ्यांवरून छपाई होत असे तेव्हा काजळी आणि सरस पाण्यात कालवून केलेली शाई पुरेशी होती. लाकूड ही पाणीदार शाई नीट धरते आणि त्यावर अंथरलेला पातळ, शोषक कागद मागून घासला की ती अलगद उचलतो. शाई कागदाच्या आरपार उतरते म्हणून ही छपाई बहुधा एकाच बाजूला होत असे. पंधराव्या शतकाच्या मध्यास जर्मन मुद्रक योहान गुटेनबर्गने धातूचे खिळे, म्हणजे सुटी उठावाची अक्षरे, वापरायला घेतले तेव्हा ही शाई कामाची राहिली नाही, कारण धातूवर पाणी एकसारखे पसरत नाही, त्याचे थेंब होतात. खिळ्यांना तेलात घोटलेली, चिकट, वार्निशसारखी शाई हवी होती. खिळ्यांच्या शोधाइतकेच श्रेय या शाईला द्यायला हवे असे मला वाटते. ती नसती तर ते सुबक खिळे कागदावर नुसते डाग पाडत बसले असते.

पुढचे नीट समजण्यासाठी शाईच्या पोटात काय असते ते पाहणे आवश्यक आहे. रंग देणारा घटक, तो पृष्ठभागाला चिकटवून ठेवणारे राळेसारखे बंधक, हे दोन्ही वाहून नेणारा द्रव आणि थोडी पूरक रसायने, अशी तिची सर्वसाधारण घडण असते. रंग देणारा घटक दोन जातींचा असतो. डाय द्रवात पूर्णपणे विरघळतो, त्यामुळे तो तेजस्वी दिसतो आणि तंतूंमध्ये किंवा लेपामध्ये आत शिरतो. पिगमेंटचे कण विरघळत नाहीत, ते द्रवात तरंगत राहतात आणि छापल्यावर पृष्ठभागावर किंवा त्याच्या लगत स्थिरावतात. डायचा प्रत्येक रेणू प्रकाश आणि हवेतील ओझोन यांच्या तावडीत सापडतो, तर पिगमेंटच्या कणात बाहेरचा थर झिजला तरी आतले रेणू शिल्लक राहतात. म्हणून दीर्घकाळ टिकवायच्या छपाईसाठी साधारणपणे पिगमेंटची शाई निवडली जाते.

मात्र शाईची खरी ओळख रंगापेक्षा तिच्या वाळण्यात असते. ‘वाळणे’ या एका शब्दाखाली आपण निरनिराळ्या घटना ढकलतो. काही शाया कागदात शोषल्या जातात. काहींतला द्रव हवेत उडून जातो. काही शायांमधले तेल हवेतील ऑक्सिजन घेऊन घट्ट होते. जवसाचे तेल हे त्याचे जुने उदाहरण. काही शाया अतिनील किरण पडताच क्षणार्धात घट्ट होतात, आणि काहींना उष्णतेने वितळवून किंवा शिजवून पक्के करावे लागते. समोरचा पृष्ठभाग शोषक आहे का, तो उष्णता सोसेल का, त्यावरून उडणारा द्रव बाहेर काढण्याची सोय आहे का, या प्रश्नांची उत्तरे मिळाली की निम्मी निवड आपोआप होते.

कागदावरच्या मोठ्या कामांसाठी आजही ऑफसेटला तोड नाही. तिचे मूळ शिळाप्रेसमध्ये आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियात आलोइस झेनेफेल्डर याने चुनखडीच्या दगडावर स्निग्ध शाईने लिहून, दगड पाण्याने भिजवून, तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत या गुणावर छपाई उभी केली. आजच्या अॅल्युमिनियमच्या प्लेटवरही हाच खेळ चालतो. मजकुराचा भाग शाई धरतो, उरलेला भाग किंचित आम्लधर्मी पाण्याचा पातळ थर धरून शाईला दूर ठेवतो. प्लेटवरची शाई मग रबराच्या ब्लँकेटवर उतरते आणि ब्लँकेटवरून कागदावर जाते. गंमत अशी की ही मधली पायरी आधी कागदासाठी आलीच नव्हती. 1875 मध्ये इंग्लंडमध्ये रॉबर्ट बार्कले यांनी ती पत्र्यावर छापण्यासाठी योजली, कारण कठीण दगड कठीण पत्र्यावर दाबून चांगला ठसा उमटत नाही, मध्ये काहीतरी लवचिक हवे. कागदासाठी तिचा उपयोग विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत आयरा रुबेल यांनी रूढ केला. सर्वांत कागदी समजली जाणारी पद्धत पत्र्याच्या गरजेतून निघाली, हे मला फार बोलके वाटते.

ऑफसेटची शाई पातळ नसते. ती मलमासारखी दाट आणि चिकट असते आणि कागदावर तिचा अवघा एक-दोन मायक्रॉनचा थर बसतो. आर्ट पेपरवर कॅल्शियम कार्बोनेट किंवा केओलिन मातीचा लेप असतो आणि त्या लेपाला अतिशय बारीक छिद्रे असतात. छपाई होताच शाईतले पातळ तेल त्या छिद्रांत ओढले जाते, राळ आणि पिगमेंट मात्र वर राहतात. काही मिनिटांत शाई ‘बसते’, पण ती पक्की व्हायला तेलाचे ऑक्सिडीकरण व्हावे लागते आणि त्याला काही तास लागतात. हा फरक ज्याला कळला तो ताज्या छापील कागदांची थप्पी लगेच कापायला घेत नाही. थप्पीतल्या वरच्या कागदाच्या पाठीला खालच्या कागदाची शाई लागू नये म्हणून छपाई होताहोताच त्यावर स्टार्चची बारीक पूड फवारली जाते. नव्या छापील पुठ्ठ्यावरून हात फिरवल्यावर जो किंचित खरखरीतपणा लागतो तो कित्येकदा या पुडीचाच असतो.

लेप नसलेल्या कागदावर चित्र निराळे असते. हा कागद शाई पितो. तेलाबरोबर पिगमेंटही तंतूंमध्ये खोल उतरते, रंग मंद दिसतो आणि चित्र ज्या बारीक ठिपक्यांनी छापले जाते त्यांतला प्रत्येक ठिपका मुळापेक्षा थोडा फुगतो. म्हणूनच वर्तमानपत्रात ठिपक्यांची जाळी जाड ठेवतात, एका इंचात ठिपक्यांच्या साधारण 85 ते 100 ओळी. आर्ट पेपरवर ती 150 ते 175 पर्यंत नेता येते. चार रंग प्रत्येकी 100 टक्के, एकावर एक पूर्ण भरले तर शाईची बेरीज 400 टक्के होते, परंतु वर्तमानपत्राच्या कागदावर ती 240 टक्क्यांच्या आसपास आवरावी लागते, चांगल्या आर्ट पेपरवर 300 ते 330 टक्क्यांपर्यंत चालते. संगणकाच्या पडद्यावर खोल, गर्द दिसणारी सावली वर्तमानपत्रात चिखलासारखी का होते याचे उत्तर या आकड्यांत आहे. वर्तमानपत्राची नेहमीची शाई तर खऱ्या अर्थाने वाळतच नाही. तिच्यातले तेल कागदात मुरते, घट्ट होत नाही, म्हणून सकाळच्या वाचनानंतर बोटे काळी होतात. वेगवान रोटरी यंत्रावर चकचकीत मासिके छापताना मात्र कागद गरम भट्टीतून नेऊन तेल उडवून लावतात आणि लगेच थंड रुळांवरून फिरवून शाई कडक करतात.

हीच नेहमीची ऑफसेट शाई प्लास्टिकच्या कागदावर किंवा चंदेरी लेपाच्या पुठ्ठ्यावर घातली की अडचण सुरू होते. तिथे तेल ओढून घेणारी छिद्रेच नसतात. शाई ओलीच राहते, थप्पी चिकटते आणि दुसऱ्या दिवशीही बोटाला रंग लागतो. त्यासाठी केवळ ऑक्सिडीकरणाने घट्ट होणारी वेगळी शाई घेऊन थप्प्या लहान ठेवाव्या लागतात, नाहीतर सरळ अतिनील किरणांनी घट्ट होणारी शाई घ्यावी लागते.

प्लास्टिकच्या बाबतीत शाई वाळण्याआधी ती पसरते का हा प्रश्न येतो. द्रव एखाद्या पृष्ठभागावर नीट पसरायचा असेल तर त्याचा पृष्ठताण, म्हणजे थेंब होऊन गोळा होण्याची ओढ, त्या पृष्ठभागाच्या ऊर्जेपेक्षा, म्हणजे द्रवाला ओढून धरण्याच्या त्याच्या क्षमतेपेक्षा, कमी असावा लागतो. पाण्याचा पृष्ठताण सुमारे 72 डाईन प्रति सेंटीमीटर असतो. पॉलिथिनची पृष्ठऊर्जा जेमतेम 31, पॉलिप्रॉपिलिनची 30 च्या आसपास, तर पॉलिएस्टर फिल्मची 43 च्या जवळपास असते. म्हणजे पॉलिथिनवर पाण्याची शाई गोळा होऊन बसते यात तिचा काही दोष नाही. यावर उपाय म्हणून फिल्म विजेच्या उच्च दाबाच्या विसर्गाखालून नेतात, ज्याला कोरोना ट्रीटमेंट म्हणतात. त्याने पृष्ठभागावर ऑक्सिजनयुक्त गट तयार होतात आणि ऊर्जा 38 ते 42 पर्यंत चढते. ती तपासण्याचे साधन अगदी साधे आहे. ठरावीक पृष्ठताणाचा द्रव भरलेले पेन घेऊन फिल्मवर एक रेघ ओढायची. रेघ दोन-तीन सेकंद अखंड राहिली तर फिल्म त्या आकड्याला उतरली, आणि रेघ आकसून तिचे मणी झाले तर उतरली नाही. मला ही चाचणी फार आवडते, कारण एरवी डोळ्यांना न दिसणारा गुण ती डोळ्यांदेखत दाखवते.

या ट्रीटमेंटचे दोन स्वभाव लक्षात ठेवावे लागतात. एक, ती बहुधा एकाच बाजूला केलेली असते, आणि रोल उलटा लागला तर छपाई दिसायला निर्दोष होते पण चिकटपट्टी लावून ओढताच सगळी शाई पट्टीबरोबर निघून येते. दोन, ती काळाबरोबर उतरते. फिल्म सहज घसरावी म्हणून तिच्यात मिसळलेली मेणासारखी द्रव्ये हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि ऊर्जा पुन्हा खाली आणतात. गोदामात बराच काळ पडून राहिलेला रोल जुन्या लेबलवरच्या आकड्याच्या भरवशावर यंत्राला लावू नये.

फिल्मवर छापण्याच्या दोन मोठ्या पद्धती म्हणजे फ्लेक्सो आणि ग्रॅव्ह्युअर. फ्लेक्सोमध्ये रबराची किंवा फोटोपॉलिमरची उठावाची लवचिक प्लेट असते आणि तिला शाई पुरवणाऱ्या अॅनिलॉक्स रुळावर असंख्य सूक्ष्म खळगे कोरलेले असतात. खळग्यांचे आकारमान ठरलेले, म्हणून शाईचे मापही ठरलेले. पूर्वी या पद्धतीला अॅनिलिन छपाई म्हणत. खाद्यपदार्थांच्या वेष्टनांसाठी ते नाव अडचणीचे ठरू लागले, तेव्हा 1950 च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत फ्लेक्सोग्राफी हे नाव स्वीकारले गेले. ग्रॅव्ह्युअरमध्ये उलट आहे. तांब्याचा थर दिलेल्या सिलिंडरवर खळगे कोरतात, वर क्रोमचा मुलामा चढवतात, सिलिंडर शाईत बुडून वर येतो, पोलादी पाते वरची शाई निपटून काढते आणि खळग्यांत उरलेली शाई फिल्म उचलते. दोन्हींना पातळ, झटपट उडणाऱ्या द्रवाची शाई लागते, पण द्रव सारखा चालत नाही. टोल्युईनसारखे जहाल द्रव फ्लेक्सोची प्लेट फुगवतात, म्हणून तिथे मुख्यतः अल्कोहोल आणि थोडे इथाइल अॅसिटेट असते. ग्रॅव्ह्युअरचा सिलिंडर धातूचा असल्यामुळे त्याला तशी बंधने नसतात. पृष्ठभाग म्हणजे केवळ ज्यावर छापायचे तो नव्हे, ज्यावरून छापायचे तोही पृष्ठभागच असतो. सिलिंडर करून घेणे खर्चाचे आणि वेळखाऊ काम असल्यामुळे ग्रॅव्ह्युअर लाखोंच्या संख्येतच परवडते. तिथे मात्र शेवटच्या प्रतीचा रंग पहिल्या प्रतीशी जुळतो.

पारदर्शक फिल्मच्या पाकिटांवर बहुधा आतल्या बाजूने उलटे छापलेले असते. आधी रंग, शेवटी पांढरा थर, आणि त्यावर दुसरी फिल्म लॅमिनेट केलेली. शाई दोन फिल्मच्या मध्ये अडकते, म्हणून बाहेरून कितीही घासले तरी पाकिटावरची अक्षरे पुसली जात नाहीत. अशा कामात शाईला घासण्यापासून संरक्षण लागत नाही, मात्र दोन फिल्म एकमेकींना धरून ठेवण्याचा भार तिच्यावर येतो, आणि त्यासाठी बंधक बदलावे लागते.

पन्हळी पुठ्ठ्याच्या खोक्यांवर हीच फ्लेक्सो पाण्याच्या शाईने चालते, कारण पुठ्ठा शोषक असतो आणि लवचिक प्लेट त्याच्या पन्हळी चिरडत नाही. या शाईतले अॅक्रिलिक राळेचे बंधक अल्कधर्मी पाण्यातच विरघळते. शाईचा पीएच साधारण 8.5 ते 9.5 ठेवण्यासाठी अमोनिया किंवा अमाइन घातलेले असते. छापल्यावर ते उडून जाते, राळ पाण्यात न विरघळणारी बनते आणि म्हणूनच पाण्याची शाई वाळल्यावर पाण्याने निघत नाही. पण हाच अमोनिया शाईच्या टाकीतूनही उडत असतो. दुपारनंतर शाई दाट होऊ लागली की अननुभवी माणूस पाणी ओततो आणि रंग फिका करून बसतो. जाणता कारागीर आधी पीएच मोजतो.

कापडाची कथा सर्वस्वी वेगळी आहे आणि तिथे तंतूची जात विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये ताणलेल्या जाळीतून स्क्विजीने, म्हणजे रबरी पात्याने, शाई दाबून उतरवतात, आणि ऑफसेटच्या तुलनेत कितीतरी जाड थर बसवता येतो. गडद कापडावर दाट पांढरा हवा असेल तर अजूनही हीच पद्धत मला सर्वांत भरवशाची वाटते. टी-शर्टवर नेहमी वापरली जाणारी प्लास्टिसोल शाई म्हणजे प्लास्टिसायझरमध्ये, म्हणजे प्लास्टिक मऊ करणाऱ्या द्रवात, कालवलेले पीव्हीसी प्लास्टिकचे कण. तिच्यात उडून जाणारे फारसे काही नसते, त्यामुळे ती जाळीत रात्रभर राहिली तरी सुकत नाही, आणि त्याच कारणाने कापडावरही आपोआप पक्की होत नाही. शाईच्या संपूर्ण थराला सुमारे 160 अंश सेल्सिअस तापमान मिळावे लागते. वरचा थर शिजला आणि तळ कच्चा राहिला तर छपाई हाताला कोरडी लागते, पण काही धुण्यांनंतर तिला भेगा पडतात. थंड झाल्यावर कापड छपाईसकट ताणून पाहावे. पक्की शाई ताणली जाते आणि परत येते, कच्ची तिथेच तडकते.

हेच 160 अंश पॉलिएस्टरवर वेगळे संकट आणतात. पॉलिएस्टर ज्या डिस्पर्स डायने रंगवलेले असते तो डाय उष्णतेने वायुरूप होतो आणि वरच्या शाईत शिरतो; लाल कापडावर छापलेला शुभ्र पांढरा आकडा काही तासांत, कधी काही दिवसांत गुलाबी होतो. त्यासाठी कमी तापमानाला शिजणारी शाई किंवा मध्ये डाय अडवणारा राखाडी थर देतात. गमतीचा भाग असा की पॉलिएस्टरच्या याच खोडीवर सब्लिमेशन छपाई उभी आहे. कागदावर डिस्पर्स डायने चित्र छापायचे, तो कागद कापडावर ठेवून साधारण 200 अंशांवर अर्धा ते एक मिनिट दाबायचा. डाय वायुरूप होऊन पॉलिएस्टरच्या तंतूच्या आत जातो आणि थंड होताना तिथेच अडकतो. वर शाईचा थर नसतो, हाताला काही लागत नाही, धुऊन काही जात नाही. मात्र सुती कापडात हा डाय टिकत नाही, आणि सब्लिमेशनमध्ये पांढरी शाई नसल्यामुळे मूळ पृष्ठभाग पांढरा किंवा फिका असावा लागतो. छायाचित्र छापलेले चहा-कॉफीचे मग याच पद्धतीचे असतात, आणि तेही चिनी मातीवर थेट छापलेले नसतात. त्यांवर आधी पॉलिमरचा लेप दिलेला असतो.

सुती कापडाला आतून रंगवायचे असेल तर रिअॅक्टिव्ह डाय घ्यावे लागतात. हे 1956 मध्ये बाजारात आले. ते सेल्युलोजच्या रेणूशी रासायनिक बंध जुळवतात, पण त्यासाठी अल्कली, वाफ आणि शेवटी भरपूर धुलाई लागते. रेशीम, लोकर आणि नायलॉन यांना अॅसिड डाय मानवतात. एवढी यातायात नको असेल तर पिगमेंट आणि बंधक असलेली पाण्याची शाई कोणत्याही तंतूवर चालते, रंग मात्र थोडा वरवरचा राहतो. अलीकडे लोकप्रिय झालेली डीटीएफ (डायरेक्ट टू फिल्म) पद्धत याहून सोपी वाट काढते. फिल्मवर छापून त्यावर वितळणारी गोंदाची पूड टाकतात आणि चित्र उचलून कापडावर दाबतात. ती जवळजवळ सगळ्या कापडांना चालते, कारण ती कापडाला रंगवतच नाही, चिकटवते. मोठे भरीव चित्र असेल तर अंगावर प्लास्टिकचा तुकडा लावल्यासारखे वाटते, म्हणून माझी पसंती तिला लहान चिन्हांपुरतीच आहे.

घरी आणि कार्यालयात भेटणारे दोन प्रकार, लेसर आणि इंकजेट, वरवर सारखे वाटले तरी त्यांची तत्त्वे एकमेकांपासून फार दूर आहेत. लेसर प्रिंटरमध्ये शाईच नसते. टोनर म्हणजे रंग मिसळलेल्या प्लास्टिकची पाच ते दहा मायक्रॉनची पूड. 22 ऑक्टोबर 1938 रोजी न्यूयॉर्कमधील अॅस्टोरिया येथे चेस्टर कार्लसन यांनी विद्युतभारित गंधकाच्या थरावर पूड चिकटवून पहिली प्रत मेणकागदावर उतरवली आणि त्या प्रतीवर तीच तारीख आणि स्थळ लिहिले होते. आजही पूड विद्युतभाराने कागदावर येते आणि 200 अंशांच्या आसपास तापलेल्या रुळांखाली वितळून घट्ट होते. म्हणून लेसरचा कागद उष्णता सोसणारा, कोरडा आणि गुळगुळीत असावा. दमट कागदावर पूड नीट उतरत नाही, खोल पोत असलेल्या कागदाच्या खळग्यांत ती पोहोचत नाही, आणि जाड कागदाला पुरेशी उष्णता मिळाली नाही तर घडीवर टोनरचे पापुद्रे निघतात. इंकजेटसाठी लेप दिलेला छायाचित्राचा कागद लेसरमध्ये मुळीच घालू नये. तो लेप रुळांवर वितळून बसला तर रूळच बदलावा लागतो.

इंकजेटमध्ये काही पिकोलिटरचे थेंब कागदावर उडवले जातात. काही यंत्रे शाई क्षणभर उकळवून बुडबुड्याच्या जोराने थेंब फेकतात, काही विजेने आकार बदलणाऱ्या पिझो स्फटिकाच्या हालचालीने. शाई मुख्यतः पाणीच असल्यामुळे साध्या कागदावर ती तंतूंच्या कडेने धावते आणि अक्षरांना पिसे फुटतात. छायाचित्राच्या कागदावर सिलिका किंवा अॅल्युमिनाच्या सूक्ष्म छिद्रांचा लेप असतो. तो पाणी झटकन आत घेतो आणि रंग वरच्या थरात थांबवतो. पिगमेंट शाईच्या यंत्रांत काळ्या रंगाच्या दोन कुप्या का असतात असे पुष्कळ जण विचारतात. चकचकीत कागदावर बसणारा काळा मॅट किंवा सुती कागदावर करडा दिसतो, आणि मॅटवर गर्द दिसणारा काळा चकचकीत कागदावर नीट धरत नाही, पुसला जातो. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार चुकीचा निवडला तर यंत्र चुकीची कुपी उघडते, आणि दोष शाईच्या माथी जातो.

बाहेर उन्हापावसात लावायच्या व्हिनाइलवर, म्हणजे फलकांच्या प्लास्टिकच्या फिल्मवर, पाण्याची साधी शाई चालत नाही. तिथे इको-सॉल्व्हंट शाई घेतात, जिचा द्रव व्हिनाइलचा वरचा थर किंचित मऊ करून रंगाला आत रुजवतो. छापून होताच त्यावर लॅमिनेशन करू नये, कारण अडकलेला द्रव मागचा गोंद बिघडवतो. एक दिवस तरी थांबावे. लेटेक्स शाईत पाण्यातल्या पॉलिमरचे कण गरम करून सलग थर बनवतात, त्यामुळे तिला एवढे थांबावे लागत नाही. लाकूड, काच, धातू, अॅक्रिलिक अशा न शोषणाऱ्या, कडक पृष्ठभागांसाठी अतिनील शाई सोयीची ठरते, कारण ती शोषली जाण्याची वाट पाहत नाही. परंतु काचेवर ती प्रायमरशिवाय, म्हणजे आधी दिलेल्या चिकटवणाऱ्या लेपाशिवाय, टिकेल असे समजू नये, आणि जिथे घडी पडणार तिथे तिचा कडक थर फुटतो. काचेच्या भांड्यावरची छपाई वारंवार धुण्यात टिकायची असेल तर काचेची भुकटी असलेली शाई 500 ते 600 अंशांवर भाजून काचेशी एकजीव करणे हाच खरा मार्ग आहे. पेन किंवा बटणासारख्या वक्र वस्तूंसाठी मऊ सिलिकॉनच्या बोंडाने शाई उचलून ठेवणारी पॅड प्रिंटिंग आहे. आणि दुकानातल्या पावतीवर तर शाई अजिबात नसते. कागदाच्या लेपातला रंगहीन डाय उष्णतेने काळा होतो, म्हणूनच ती पावती उन्हात किंवा प्लास्टिकच्या पाकिटात ठेवली की कोरी होत जाते.

खाण्याच्या वस्तूंच्या वेष्टनांसाठी आणखी एक कसोटी लागते. 2005 मध्ये इटलीत लहान मुलांच्या दुधात आयटीएक्स नावाचे रसायन सापडले आणि मोठ्या प्रमाणावर माल परत घेतला गेला. हे रसायन खोक्याच्या बाहेरच्या छपाईतल्या अतिनील शाईचे होते. ते दुधाला कधी थेट लागले नव्हते. छापील माल रोलमध्ये गुंडाळलेला असताना बाहेरची छापील बाजू पुढच्या फेऱ्याच्या आतल्या बाजूला टेकते, आणि तेवढ्या स्पर्शाने रेणू पलीकडे जातात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने आढळलेल्या प्रमाणात धोका कमी असल्याचे मत दिले, तरी त्यानंतर अशा वेष्टनांसाठी जड रेणूंच्या, कमी स्थलांतर करणाऱ्या शायांकडे उद्योगाचा कल वाढला. खाद्यपदार्थाचे काम असेल तर शाई ‘आतून लागत नाही ना’ एवढे विचारून भागत नाही. ती रोलमध्ये कशी ठेवली जाणार हेही विचारावे.

छापलेली वस्तू हातात आल्यावर ती कोणत्या पद्धतीची हे ओळखायला दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरते. अक्षराच्या कडेला शाईची दाट किनार आणि आत किंचित फिकेपणा दिसला तर उठावाच्या प्लेटवरची किंवा खिळ्यांची छपाई, कारण दाबाने शाई कडेला सरकते. अक्षराची कडच करवतीच्या दात्यांसारखी असेल तर ग्रॅव्ह्युअर, कारण तिथे अक्षरेही खळग्यांनीच बनलेली असतात. कडा स्वच्छ आणि रंगीत ठिपक्यांची फुलासारखी मांडणी असेल तर ऑफसेट. अक्षराभोवती सुट्या पुडीचे कण विखुरलेले दिसले तर टोनर, आणि ठिपके ठरलेल्या जाळीशिवाय पसरलेले असतील तर बहुधा इंकजेट. त्यानंतर पक्केपणाच्या तीन चाचण्या कराव्यात. ओले बोट फिरवावे, नखाने खरवडावे, आणि चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढावी. नमुना ज्या रोलचा किंवा ज्या थप्पीचा असेल त्याच रोलवर किंवा थप्पीवर पूर्ण काम होणार आहे याची खात्री त्याआधीच करून घ्यावी, कारण दुसऱ्या मालावर यशस्वी झालेली चाचणी या मालाविषयी काहीच सांगत नाही.